ग्रासियास म्हणजे पुरे

माझं माहेर चिंचवडचं, वडील कारखान्यात फिटर, आम्ही दोघी बहिणी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानला आले, त्याचं ऑफिस तोयोसुला आणि घर इथे ओजिमाला, सातव्या मजल्यावर, हेच घर. पण तुम्ही माझं लिहून घ्यायला बसलात ना, तर मला भलत्याच एका गावाचं सांगावं लागेल, जे मी कधी पाहिलेलं नाही. पॅराग्वे देशात, नदीकाठी, पुएर्तो आल्दा. एवढंसं गाव आहे, पण मी त्यातून डोळे मिटून चालून दाखवीन. धक्क्यावरून वर आलं की तांबड्या मातीचा रस्ता, आपल्या कोकणातल्यासारखा, उजव्या हाताला सोयाबीनचं गोदाम, मग शाळा, मग चर्च आणि त्याला लागूनच जपानी लोकांचं देऊळ, आणि दुपारी बारा ते तीन सगळं गाव झोपलेलं, अगदी पुण्यासारखं. हसू नका, खरंच.

हे सगळं सांगितलं एल्साने. आमची मिहिका शाळेत जायला लागली तसं मी बाइतो धरला, पार्टटाइम काम हो, बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या किचनमध्ये. पट्ट्यावरून डबे सरकत येतात, मी भाताला, एल्सा माझ्या शेजारी लोणच्याला. चेहऱ्याने पक्की जपानी, पण आजोबा तिकडे गेलेले, ही जन्मली वाढली आल्दाला, त्यामुळे जपानी बोलायची ते जुन्या म्हाताऱ्यांसारखं, आणि माझं तर मोडकंच, म्हणून आमचं जमलं. जेवणाच्या सुट्टीत ती तेरेरे काढायची, म्हणजे गुराच्या शिंगाचा पेला, त्यात कडू पाला, वरून गार पाणी आणि एकच स्टीलची नळी, सगळ्यांनी त्यातूनच ओढायचं. आता सांगा, शिंगातून, आणि तेही उष्टं! वर्षभर मी नको नको म्हटलं. मग एकदा प्यायले आणि पेला परत देताना तिच्या भाषेत ग्रासियास म्हणाले, थँक्यू. झालं, मला पुन्हा मिळालाच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, मला वाटलं काय चिकट बाई आहे. शेवटी विचारलं तर पोट धरधरून हसली, म्हणाली, अगं, पेला परत देताना ग्रासियास म्हणजे पुरे, मला आता नको, मी उठते. प्यायचं असेल तोवर गप्प बसायचं. मी म्हटलं आमच्याकडेही घरच्या माणसाला थँक्यू म्हणत नाहीत, परकं वाटतं. तेव्हापासून आम्ही एकमेकींना कधी थँक्यू म्हटलं नाही. घरी येऊन ती गोष्ट मी मिहिकाला सांगितली, तीही खूप हसली, सात वर्षांची होती.

तर त्या गावाचं. एल्साच्या आजोबांना सांगितलं होतं तयार शेत आहे, तयार घर आहे, चला. बोटीने उतरवलं तिथे नुसतं जंगल. पहिल्याच वर्षी हिवताप, माणसं गेली, मुलं गेली, आणि पुढची बोट आली तेव्हा काही घरं तिच्यात बसून निघून गेली, ज्यांना आदल्या रात्री राहण्याचा शब्द दिला त्यांना न सांगता. राहिले त्यांनी कुऱ्हाडीने जंगल तोडून गाव केलं. गेलेल्यांची नावं तिथे कोणी घेत नाही, बोटीची माणसं म्हणतात, शिवीच ती. आणि दरवर्षी ती बोट गेली त्या दिवशी धक्क्यावर सगळे गोल बसतात, पेला फिरतो, म्हातारा एकेकाला विचारतो राहणार? तो म्हणतो राहणार. मला हे इतकं आवडायचं की मी तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे.

मग अकरा सालचा भूकंप. ही बिल्डिंग अशी हलली की कपाट चालत दारापर्यंत आलं. आठवड्याभरात नवऱ्याच्या कंपनीने सगळ्या कुटुंबांची भारताची तिकिटं काढली, अणुभट्टीची भीती होतीच. मी एल्साला सांगायला गेले. किचनमधली निम्मी माणसं येईनाशी झालेली आणि उत्तरेला घरं गेलेल्यांच्या छावण्यांमध्ये डबे जायचे होते. तिने लॉकरपाशी माझं मनगट धरलं, म्हणाली तूसुद्धा बोटीची? मी तर मेले तरी हलणार नाही. राहणार? आणि काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडून निघून गेलं, राहणार. नवरा म्हणाला डोकं फिरलंय का तुझं. मिहिकाला घेऊन तो गेला. विमानतळावर तिने माझ्या कोटाचं बटण असं धरून ठेवलं की ते तुटून तिच्या हातात गेलं.

चौथ्या दिवशी लोणच्याची जागा रिकामी. मुख्य बाई म्हणाली एल्सा-सान कालच्या विमानाने गेल्या, पॅराग्वेला. माझ्या लॉकरमध्ये शिंगाचा पेला, धुऊन पुसून, आणि चिठ्ठी. एकच शब्द, ग्रासियास. दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर म्हणालं असतं किती गोड बाई. मला वाचता येत होतं ना ते.

घाबरली असेल, मीही घाबरले होते, त्याचं मी काही म्हणत नाही. पण मला धरून ठेवलं आणि स्वतः बोटीत बसली. फसवलं तिने मला. सांगून गेली असती तर मीही त्याच दिवशी पोरीकडे गेले असते. मग हट्टाने राहिले, डबे भरले, रडत भरले. सहा महिन्यांनी दोघं परत आली, आणि तिकडे सगळ्यांशी मराठी बोललेली मिहिका माझ्या मराठीला मात्र जपानीत उत्तर द्यायला लागली. एकदाच बोलली त्यावर, जपानीतच, की आई, तू राहिलीस, पण माझ्याजवळ नाही.

आता ती ओसाकाला नोकरी करते. सुट्टीत येते तेव्हा मी तो पेला काढते, पाला आणून ठेवलेला असतो. आम्ही दोघी बसतो, इथेच, तुम्ही बसलात तिथे ती. माझ्याच नळीने पिते, उष्टं वगैरे काही मानत नाही. एकदा पिते आणि दोन्ही हातांनी पेला परत देत म्हणते, अरिगातो गोझाइमाश्ता. थँक्यूच ते, पण दुकानात म्हणतात ना, सगळं आटोपल्यावर, तसं. लहानपणी सांगितलेली ग्रासियासची गोष्ट तिला आठवते की नाही, मी विचारलेलं नाही. मी सुखी राहा म्हणते, आणि पेला पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवते.