चक्कर जमिनीची नव्हती

आधीच माफी मागते. हे भाषण मोबाईलवर एका बोटानं टाइप केलंय, आठवडा लागला. गावाच्या ग्रुपवर टाकेन तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका.

मान्यवर गावप्रमुख लाहुसेनकाका, इमामसाहेब, आज बदली होऊन चाललेल्या डॉक्टर वेनिंगबाई आणि जागा नाही म्हणून खिडकीखाली होड्यांत बसून ऐकणारे सगळे, सलाम.

मी हार्नी. आपलं गाव समुद्रात खांबांवर, शाळा पलीकडे किनाऱ्यावर. सातवीत असताना वर्गात बसलं की फळाच फिरायचा. आपण बाजाऊ, पाण्यावर वाढलेले, जमिनीवर गरगरणारच. लाहुसेनकाकाच म्हणाले होते, "अगं, जमीन हलत नाही ना, म्हणून चक्कर येते तुला! चल घरी." घरी येऊन झोपले की बरं वाटायचं. मग शंका कोण घेणार? शाळा सुटली ती सुटलीच.

शंका डॉक्टरबाईंनी घेतली. "पाण्यावर येते का गं?"

आई म्हणाली, "छे! बाजाऊंच्या पोरीला पाण्यावर चक्कर? लोक काय म्हणतील!"

"तुम्ही नका सांगू. डोकं तिचं आहे."

मग मी पुटपुटले, "येते. जाळं ओढताना दोनदा आली." तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग प्रश्नच प्रश्न. उजेड सोसतो? इंजिनाचा आवाज? सुकटीचा वास? किती वेळ टिकते? पाळीच्या आधी येते? (इमामसाहेब, माफ करा हं.) कान, डोळे तपासले, सरळ रेघेवर चालवलं.

मी विचारलं, "रक्त नाही काढणार?"

"यात रक्तात काही दिसत नाही. वहीत लिही, त्यावरूनच कळेल."

तीन महिने लिहिलं. वही वाचून म्हणाल्या, "ही अर्धशिशी. मायग्रेन."

"पण डोकं तर कधीतरीच दुखतं!"

"कधी कधी त्यात नुसती चक्करच येते." मग आईकडे वळल्या. "तुम्ही महिन्यातून दोन दिवस फडकं बांधून अंधारात पडता, ते काय?"

"ते होय? ते बायकांना असतंच."

बाई हसल्या नाहीत. आईलाही वही दिली.

आता वेळेवर जेवते, झोपते, गोळी घेते. चक्कर येते, पण कमी. सोमवारी परत शाळेत नाव घालायचंय. काका, अर्जावर गावप्रमुख म्हणून तुमची सही लागते. तुमच्या घरी येऊन मागायचं धाडस नव्हतं, म्हणून इथं मागतेय. मान हलवलीत ना? सगळ्यांनी पाहिलं हं!

बाई, तुम्ही विचारलंत, म्हणून मी बोलले. खूप आभार. कुणाला लागेल असं काही बोलले असेन तर लहान समजून सोडून द्या.

आणि हो, हे लिहिलेलं नाही. होडीतून आत्ताच ओरडतायत, दक्षिणेच्या खडकापाशी ट्यूना माशांचा थवा आलाय. भाषण संपलं, पळा होड्यांकडे!