सरपंचांचा नवा चष्मा

हसणार नसाल तर सांगतो. मी बीडला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गावाकडं आमच्या गल्लीत नळ यावा म्हणून अर्ज घेऊन गेलो, की सरपंच नाना दरवेळी म्हणायचे, “चष्मा न्हाई बे, वाचू कसा?”

शेवटी लांबचं-जवळचं दोन्ही दिसेल असा भारीतला चष्मा मीच बनवून नेला. तेवढ्यात वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटोवाला आला.

नाना म्हणाले, “काचा लई चमकायल्यात. काढ त्या. फ्रेम झ्याक हाय.”

मी लगेच काढल्या. फोटो झाल्यावर अर्ज पुढं केला. नानांनी मान खालीवर करत दोन्ही पानं सावकाश वाचली.

“आता कसं साफ दिसायलंय! बघू, करू.”

मी मान हलवली. दोन्ही काचा माझ्याच खिशात होत्या.