पोवळं नाय, कुरडई

—नाय मॅडम, पोवळं नाय ते, कुरडई हाय. तळायची कुरडई. हसू नका — तुमच्या हातातल्या कागदावर नंबर एकला जो फोटो छापलाय ना, हिरवा-जांभळा, मेंदूसारख्या वळ्या-वळ्यांचा, ज्याच्याखाली लोकांनी 'ब्रेन कोरल, ब्रेन कोरल' करून बदाम टाकलेत, ती आमच्या सोनालीनं गच्चीवर वाळत घातलेली कुरडई हाय. बायको माझी घाटावरची, वाईकडची, आंबेनळीचा घाट उतरून आली ती सोऱ्या घेऊनच आली. बसा ना. खुर्ची पुसलेली हाय. पंखा वाढवू? — आणि मॅडम म्हणू का अक्षदा म्हणू? तुझ्या दहावीच्या फॉर्मवरचा फोटो मीच काढलाय, ह्याच स्टुलावर, कान दिसत नव्हते म्हणून दोनदा काढला. पण आज वनखात्याचा ड्रेस अंगावर हाय म्हणजे मॅडमच. हां, तर लिहून घ्या जबाब. भागोजी शेलार, मूळ गाव कुडपण, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार पोलादपूर. जिवंत पोवळं बाळगतो हा आरोप साफ खोटा. साफ खोटा दोनदा लिहिलंत तरी चालेल.

तक्रार पुण्याहून आली म्हणता? येणारच. 'कुडपणचा समुद्र' — पेजचं नाव मीच ठेवलंय. आता कुडपणला कुठला आलाय समुद्र, तिथं सकाळी उठावं तर दारात ढग. पण एकोणीस हजार माणसं बघतात ओ ते पेज, त्यातला एक ब्राझीलचा हाय, तो मला सर म्हणतो. इथं पोलादपुरात मला कोण सर म्हणतं? आणि कायदा मला माहीत नाय असं समजू नका. पोवळं वाघाच्या यादीत हाय, घरात सापडलं की थेट आत. सगळं वाचलंय मी. आँ? कुरडईचे फोटो काढणाऱ्यानं वाघाची यादी कशाला वाचली? — वाचन वाईट का मॅडम? मी वाचतो. सोनालीला विचारा.

आणि हे सगळं मी सांगतोय ते अब्रू गुंडाळून ठेवून सांगतोय, हे पण लिहा तिथं कोपऱ्यात. गेल्या वर्षी शाळेत माझा सत्कार झाला — शाल, नारळ, 'सागरी जीवनाचे अभ्यासक' असा बोर्ड. पाऊण तास बोललो मी. तो तुमचा नंबर दोन, गुलाबी बोटं आत वळलेली, तो पडद्यावर दाखवून बोललो. ते नाचणीचं कणीस हाय. आमच्याच वावरातलं. कोकमाच्या पाण्यात बुचकळलेलं. समोर बसलेल्या निम्म्या पोरांनी ते दिवाळीच्या आधी हातानं कापलेलं, आणि एकानं पण ओळखलं नाय! टाळ्या वाजवल्या. आता हे बाहेर गेलं की ती शाल मी थंडीत पांघरू कशी, तुम्हीच सांगा. पण तुरुंगापेक्षा नाचणी बरी. लिहा, नाचणी. नंबर तीन, पिकून फुटलेलं कारलं. त्या लाल बिया. चार पण भाजीच हाय, फुलकोबी, पाच आणि सहा परत कुरडई, वेगळ्या बाजूनं.

कसं करतो? बघा, टाकी आमच्या मेव्हण्यानं दिली, अश्विननं. तो मुंबईला माशांच्या दुकानात हाय. टाकीत आधी मासे होते, ते मेले, टाकी रिकामी राहिली. मग एक दिवस गंमत म्हणून कुरडई सोडली आत आणि वर लग्नाच्या रिसेप्शनचा निळा लाईट मारला — आणि मॅडम, काय दिसली ती! अंगावर काटा आला माझ्या. पण निळ्या लाईटात कॅमेऱ्याला येड लागतं, सगळंच निळं येतं, तुम्ही उभ्या राहिलात तर तुम्हीपण निळ्या. मग लेन्सवर पिवळा जिलेटिन कागद लावायचा. काच आतून-बाहेरून पुसायची. हात हलता नये. आणि सगळी घाई, कारण कुरडई पाण्यात चार मिनटांत लगदा होते. सोनाली खालून नळीनं फुंकर मारते, बुडबुडे यायला. तिचं तोंड दुखतं, ती शिव्या देते, त्या काय फोटोत येत नाहीत. मग कंप्युटरवर घ्यायचं. निळा थोडा खाली, हिरवा वर, कडा उजळायच्या, सावलीत जरा जांभळा. आणि मुख्य म्हणजे फोटोच्या आधी दहा मिनटं पंप बंद करायचा — पाणी थांबलं ना, की मग ती हळूहळू अंग फुलवते, बोटं बाहेर काढते, घाई केली की परत मिटते —

कोण 'ती'? कुरडई.

नाय, बरोबर विचारलंत. चार मिनटांत लगदा होणाऱ्या कुरडईला दहा मिनटं कशी द्यायची, बरोबर हाय. हुशार झालीस हां अक्षदा. बोलण्याच्या ओघात होतं असं. दहा खोडा. पंप पण खोडा. घूं आवाज येतोय तो? फ्रिजचा. तो पडदा निळा दिसतोय कारण हल्ली परीक्षेच्या फोटोला निळाच लागतो. मागून उजेड येतोय कारण मागं खिडकी हाय. आणि ते पोतं मिठाचं, लोणच्याला. तीस किलो. आम्ही लोणचं खातो.

मुळात, तुम्ही माझा धंदाच समजून घ्या. आता स्टुडिओत येतं कोण? लग्नं सगळी मोबाईलवर काढतात. माझ्याकडं उरली ती मेलेली माणसं. दहाव्याला फ्रेम पाहिजे, आणि फोटो कुठला आणतात, तर शेवटचा, डोळे मिटलेला. बापाचा जिवंतपणी एक धड फोटो काढलेला नसतो कुणी. मग मी डोळे उघडतो. दुसऱ्या कुणाचे तरी बसवतो, गालाला जरा रंग देतो, कोट घालतो, आणि पोरगा फ्रेम बघून रडतो, म्हणतो, काका, अगदी असाच बघायचा. माझ्या आईचे, प्रयागबाईचे, पण मीच उघडले. तिचे डोळे कसे होते ते मला आठवेना, मॅडम. सख्ख्या मुलाला. म्हणून कुणाचेतरी लावले. आता भिंतीवरून दुसरीच कोणतरी बाई बघते माझ्याकडं. तर मेलेल्याला जिवंत दाखवणं हाच माझा हात बसलाय. कुरडई काय, सोपी.

सात? सात राहिलाच, हो. तो… तो कोबी. साधा कोबी.

असं काय बघता? बारका, हिरवा, कडेला नारिंगी टिपका, नखाएवढा — कोबीचं पान कातरलेलं. आणि त्याच्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचा ना मोठ्यानं. 'फेक.' 'एवढं एडिटिंग शोभत नाही.' ब्राझीलवाल्यानं पण लिहिलं, सर, धिस वन टू मच. म्हणजे बाकीचे सहा खरे आणि हा एकच खोटा! मी एक ठिपका हलवला नव्हता त्याच्यात, एक ठिपका! जसा हाय तसा टाकला, पहिल्यांदा आयुष्यात जसा हाय तसा टाकला, आणि हे मला — कोबी. कोबी जसा हाय तसा टाकला. लिहा तुम्ही. सगळे सात खोटे. मी सही करतो, अंगठा पण देतो, आणि तुम्ही निघा, तुम्हाला उन्हाचं महाडपर्यंत —

गेली.

गेली वाटतं लाईट. सकाळपासून तिसऱ्यांदा. इन्व्हर्टर दुरुस्तीला दिलाय. हां, फ्रिज पण बंद झाला. होऊ दे. येईल. — कुठं करू सही? इथं? ही घ्या. झालं ना? मग या तुम्ही. दोन पंच? त्यांच्यासमोर सही पाहिजे? कशाला पंच, कुरडईला पंच? बोलावलेत तुम्ही? कधी येतील? — अर्धा तास. अर्धा तास म्हणजे तीस मिनटं. बाहेर ऊन काय पडलंय बघा. नाय, मला काय झालं, घाम सगळ्यांनाच येतो. बसा. बसतो मी पण. तुमच्या घरचे बरे हायत का? आजी? — किती वाजले? आत्ताच विचारलं का मी? पंख्याशिवाय त्या कोपऱ्यात पत्र्याखाली किती तापतं तुम्हाला कल्पना नाय. माणसाचं ठीक हाय, माणूस उठून बाहेर जातो —

अश्विन ते फेकून देणार होता गो. दुकानात मेलं म्हणून बाजूला काढलेलं पोवळं, तपकिरी, शेवाळ धरलेलं. मला म्हणाला, भावजी, तुम्हाला फोटोला होईल, रंग काय तुम्ही भराल. आणि मी खोटं नीट बोलता यावं म्हणून सगळं शिकलो होतो ना — पाणी किती खारट, लाईट किती, गरमी किती — ब्राझीलवाल्याला उत्तरं द्यायला शिकलो होतो. म्हटलं, बघू तरी करून. चार महिने काय नाय. आणि एका सकाळी तिनं एक तोंड उघडलं. एवढंसं. मी उघडलं नाय. मी काय केलं नाय. तिनं उघडलं.

अक्षदा, ऊठ. तो पडदा सार. सार म्हणतो ना, खिडकी-बिडकी काय नाय तिकडं. तांब्या घे तो, तोच, टाकीतलं पाणी भरायचं आणि वरून ओतायचं, हातभर उंचावरून, हवा मिसळली पाहिजे. तिच्या अंगावर नको! कडेला. असं. मी बर्फाची बाटली आणतो सोनालीच्या थर्माकोलच्या डब्यातनं, तोवर थांबू नको. — ही बघ, आणली. सोडली. ओत. टोपी काढ ती, पाण्यात पडेल. मिटलीय, दिसतंय मला. घाबरली ती. बोलू नको मोठ्यानं. तुझा तो कागद भिजतोय, भिजू दे, परत लिही, जे हाय ते लिही. वाघ लिही. माझ्या नावावर लिही, अश्विनचं नको. पण न्यायचीच झाली तर ह्याच पाण्यातनं न्या, साध्या पाण्यात टाकू नका कुणी, हे आधी लिही, पहिल्या ओळीला लिही. मोबाईल खाली ठेव, फोटो नको आत्ता.

कोण हाय दारात? पंच? — या नंतर, स्टुडिओ बंद हाय!

तू ओत गो. थांबू नको. नारिंगी टिपका दिसतोय का बघ. बघ नीट. तू बघ, माझ्या डोळ्यात पाणी गेलंय.