एक्केचाळीसचे चाळीस

—नाही ताई, चाळीस नाही, एक्केचाळीस. कार्डावर बघा ना, सतरा आकडी नंबर, शेवटी एक्केचाळीस — ही माझी बायको. चाळीसवाल्या बाई वेगळ्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान झालं, आनंद आहे — पण म्हणून हिचं नाव बुबुळाच्या प्रतीक्षायादीतून का उडालं? ‘बुबुळ बसवले’ म्हणे! कोणाला बसवलं, मला? टाइप करा तुम्ही, माझ्यासमोर करा — एक्केचाळीस — हं, एंटर — बघा! झाले चाळीस. परत मारा. चाळीसच. दहा वेळा मारा, ऐकायचं नाही ते. तुमची चूक नाही हो. त्या रकान्यात नंबर ‘संख्या’ म्हणून ठेवलाय ना, मग यंत्र त्याला चौसष्ट खणांत कोंबतं — संख्या केवढी का असेना, खण तेवढेच — पुढचे आकडे नीट धरतं, दशांशचिन्ह सरकवून घेतं, आणि शेपूट जवळच्या खुणेवर नेऊन टेकवतं. तारे मोजायला उत्तम! एखाददुसरा इकडेतिकडे झाला तर ताऱ्याला काय त्याचं? ‘अक्षरं’ म्हणून ठेवला असता तर आकडा न् आकडा जागेवर राहिला असता.

मला कसं माहीत? अहो, त्याच खुर्चीत एकवीस वर्षं बसलो मी. खुर्चीचा डावा हात हलतो ना अजून? तेव्हा नंबर अक्षरांतच असायचे — कुणी मध्ये रेघ मारायचा, कुणी जागा सोडायचा, सगळा गबाळा कारभार. साहेब पाहणीला येणार होते. कोणीतरी म्हणालं, संख्या करून टाका, उजवीकडे ओळीत उभे राहतील कसे. कोणीतरी म्हणजे — मीच म्हणालो. केलंही मीच. साहेबांनी पाठ थोपटली. तेव्हा नंबर बारा आकडी होते हो, बिनघोर मावायचे! सतरा झाले नंतर. आणि एकदा शेवटचा आकडा बदललेला दिसला मला — दिसला, खोटं कशाला बोलू — निवृत्तीला आठ दिवस होते. म्हटलं, जो येईल तो निस्तरेल. आलात तुम्ही.

इतकी वर्षं कुणी ओरडलं कसं नाही? सोपं आहे. ज्याचं नाव उडतं तो ओरडत नाही, तो घरी वाट बघत बसतो.

अर्ज? द्या. तक्रारीशिवाय तुम्हाला नोंदीला हात लावता येत नाही, ठाऊक आहे मला. ‘चूक कोणाकडून झाली’ — बरं. खाली रुग्णाची सही, दिसत नसल्यास नातेवाइकाने मोठ्याने वाचून दाखवावा… नातेवाईक म्हणजे मी. बाहेर बाकावर बसलीय ती. सकाळपासून यंत्राला शिव्या घालतेय बिचारी, आणि मी हो ला हो करतोय. तुम्ही नाही का वाचू शकणार? नियम — हो, नियम. पेन आहे का?

… नको. राहू द्या अर्ज. पुढच्या माणसाला बोलवा आत.