पाठवणीचं कडवं

मंजुळाआत्या : ते ऱ्हाऊ दे. शेवटचं कडवं कुठं गेलं, ते सांग पहिलं.

दामाजी : आत्या, आधी बस. ऐंशीची बाई, कल्याणहून एकटी आलीस, वर कोपर स्टेशनपासून चालत. पाणी घे.

मंजुळाआत्या : पानी मागून. समीक्षानं मोबाईलवर ऐकवलं मना. बोलली, आजी, तू दामाकाकाच्या अल्बममदी हायस. ऐकलं. माझा हळदीचा धवला मधीच तुटला.

दामाजी : तुटला नाही, फेड केलाय. हळूहळू विरत जातो. रॉकमध्ये करतात तसं.

मंजुळाआत्या : आमच्यात नाय करत.

दामाजी : यात सगळंच आहे गं. थोडं रॉक, थोडे ब्लूज, दोन गाणी कंट्री...

मंजुळाआत्या : कंट्री मना ठाव हाय. तुझा बाप त्यातच गेला.

दामाजी : ही वेगळी. हिच्यात माणूस फक्त रडतो. आणि शेवटी तुझा धवला, गिटारवर. चाळीस वर्षं वाजवतोय, हा पहिला अल्बम. घरच्यांना आधी पाठवला, शुक्रवारी सगळ्यांसाठी निघेल. तुझं नाव टाकलंय.

मंजुळाआत्या : नाव ऱ्हाऊ दे. मी धवलारीन हाय, दामा. हळदीला गावदेवीला बोलवते, घरातल्या मेलेल्यांना नाव घेऊन बोलवते. काम झालं का शेवटच्या कडव्यात सगळ्यांना परत धाडते. पन्नास वर्सांत कोनाला बोलावून तसंच ठेवलं नाय. ताप असला तरी गायले. घसा कदी बसला नाय माझा.

दामाजी : माहीत आहे.

मंजुळाआत्या : मंग हेबी माहीत असंल, त्या दिवशी तुझ्या माईकसमोर मी कोनाला बोलावलं.

दामाजी : विठूला.

मंजुळाआत्या : सवयीनं आलं तोंडात. आईची जीभ हाय. शीळफाट्याला अपघातात गेला त्याला अकरा वर्सं झाली, आन आता पोराला बोलावून दारात उभा ठेवलाय. म्हनून आले. मशीन लाव. कडवं परत गाते.

दामाजी : ते आहे माझ्याकडे. रेकॉर्डिंगवाल्या रुचितानं सगळं रेकॉर्ड केलेलं. मीच कापलं.

मंजुळाआत्या : कशाला?

दामाजी : त्या गाण्यात बेस गिटार नाही, आत्या. विठू गेल्यावर मी बेसवाला ठेवलाच नाही. गिटार, ढोलकी आणि तू, एवढंच घेतलेलं. पण तू त्याचं नाव घेतलंस की चौथं काहीतरी वाजायला लागतं. रुचिता म्हणाली, पंख्याची घरघर. पंखा बंद होता.

मंजुळाआत्या : असंल कायतरी.

दामाजी : असेल. पण प्रत्येक ठोक्याला जरा उशिरा येतं, विठूसारखं. आणि तू पाठवणीचं कडवं उचललंस की थांबतं.

मंजुळाआत्या : म्हनून कापलंस.

दामाजी : शेवटच्या शोनंतर भांडण याच गाण्यावरून झालेलं. तो म्हणाला, आईचा धवला घेऊ. मी म्हणालो, आपला बँड आहे, हळदीचा ऑर्केस्ट्रा नाही. सगळे हसले. तो स्कूटर काढून एकटाच निघाला.

मंजुळाआत्या : हे मना आज सांगतोस.

दामाजी : उशिरा यायची खोड फक्त विठूलाच नव्हती.

मंजुळाआत्या : दर लग्नात बोलवते मी त्याला. आला का नाय, एकदाबी कललं नाय मना.

दामाजी : हे हेडफोन घे. शांत बस.

(गाणं सुरू होऊन संपतं.)

मंजुळाआत्या : जेवायचाबी असाच. पंगत उठली तरी याचा भात चालूच.

दामाजी : मशीन लावलंय, आत्या. तू गायलीस तर या वेळी नाही कापणार. शब्द देतो.

मंजुळाआत्या : पानी दे.

दामाजी : घे. करू सुरू?

मंजुळाआत्या : आज नको. घसा बसलाय माझा.