उशिराचे दोन शब्द

नात : आला, आजोबा, आला! बंदराच्या कंट्रोल रूमचा मेसेज. आईच्याच लाँचचा आहे.

आजोबा : चष्मा कुठे गेला… राहू दे, तूच वाच. अक्षर न् अक्षर वाच.

नात : 'सप्लाय लाँच नंबर चार. डिलेड.' बस, एवढंच. म्हणजे उशीर होतोय नुसता. हुश्श! मला वाटलं, काही भलतंच असेल. पानं घेऊन ठेवू? आल्या आल्या भूक भूक करेल.

आजोबा : थांब जरा. पुढे कारण दिलंय का? इंजिन, वारा, माल उतरवायला वेळ, काहीतरी?

नात : नाही.

आजोबा : कधी पोचेल, ते?

नात : तेही नाही. आजोबा, चष्मा तर तुमच्या कपाळावरच आहे.

आजोबा : वयाचा गुण.

नात : सकाळी सुईत दोरा तुम्हीच ओवलात.

आजोबा : वकीलच होणार तू. किती वाजले?

नात : पावणेचार. आई एकला येणार होती.

आजोबा : बस इथे माझ्याजवळ. मागच्या आठवड्यात आपण काय शिकलो?

नात : आत्ता अभ्यास? बरं. 'हिअर' आणि 'लिसन'. नुसतं कानावर पडतं ते हिअर, आणि कान देऊन ऐकायचं ते लिसन. तुम्ही म्हणालात, दोन शब्द अगदी सारखे असते, तर त्यांतल्या एकाला लोकांनी कधीच पेन्शनीत काढलं असतं.

आजोबा : शाबास. मग उशिराला इंग्रजीत किती शब्द?

नात : लेट. डिलेड.

आजोबा : आणखी एक आहे. ओव्हरड्यू.

नात : तो लायब्ररीच्या पुस्तकाला असतो!

आजोबा : तोच. परत यायची तारीख उलटून गेली आणि पुस्तक कुठे आहे, लायब्ररीला पत्ता नाही. डिलेडचं तसं नाही. कशानेतरी अडवलंय, आणि कशाने ते आपल्याला कळलंय. कंट्रोल रूममध्ये तर हा नियमच आहे. बोटीने स्वतः निरोप धाडला, तरच डिलेड. निरोपच नाही, तर ओव्हरड्यू. चाळीस वर्षं त्या पाटीवर हे शब्द मी लावले.

नात : मग आईने निरोप धाडलाय! म्हणून तर डिलेड लिहिलंय.

आजोबा : पुन्हा वाच तो मेसेज.

नात : 'सप्लाय लाँच नंबर चार. डिलेड.'

आजोबा : निरोप आला असता, तर कारण लिहिलं असतं. कारणाशिवाय तो शब्द लावायचाच नाही. दे तो फोन.

नात : मी लावते. स्पीकरवर टाकते, तुम्हाला नीट ऐकू येत नाही.

कारकून : हॅलो, कंट्रोल रूम.

आजोबा : मी बोलतोय. चार नंबरचं काय?

कारकून : काका! मी करणारच होतो फोन. अजिबात काळजी करू नका. ताईंसारखं इंजिन सांभाळणारं माणूस साऱ्या बंदरात नाही.

आजोबा : ते मला नको सांगूस, मुलगी माझी आहे. शेवटचा निरोप कधी आला?

कारकून : वायरलेसचंच काहीतरी झालं असेल…

आजोबा : कधी आला?

कारकून : अकराला.

आजोबा : दर तासाला यायला हवा. बारा, एक, दोन, तीन. चार निरोप चुकले, आणि तू पाटीवर डिलेड लावलंस?

कारकून : काका, गेल्या महिन्यात सात नंबरला मी नियमाने ओव्हरड्यू लावलं होतं. अर्ध्या तासात गेटवर शंभर माणसं. एक म्हातारी चक्कर येऊन पडली. आणि बोट आली की हसतखेळत, नुसती वायरलेसची तार तुटलेली! साहेबांनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. तेव्हापासून मी आधी मऊ शब्द लावतो. उगाच लोकांचा जीव टांगणीला कशाला?

आजोबा : आणि बचावबोट?

कारकून : ती पाटी बघून सुटते.

आजोबा : कुठल्या शब्दावर?

कारकून : …ओव्हरड्यूवर.

आजोबा : म्हणजे अजून धक्क्यालाच बांधलेली आहे.

कारकून : पाच मिनिटं थांबू या, काका. पाचच.

आजोबा : मीही पाचच म्हणालो होतो.

कारकून : म्हणजे?

आजोबा : एकोणीस वर्षं झाली. कोळशाची लाँच होती. खिडकीपाशी बायका उभ्या, एकीच्या कडेवर मूल. तो शब्द लावायला माझा हात उचलेना. डिलेड लावून बसलो. आता येईल, मग येईल करत दोन तास गेले. तिघांतले दोघंच जिवंत सापडले. तिसरा बराच वेळ फळी धरून होता म्हणे. रोज माझ्याच बाकावर बसून डबा खायचा तो.

कारकून : हे कधी बोलला नाहीत तुम्ही. आम्हाला शिकवताना नुसता नियम सांगितलात.

आजोबा : लाज वाटायची. नियमाखाली माणूस आहे, हे सांगायला हवं होतं. ती चूक माझी. आता शब्द बदल.

कारकून : बदलतो. पण काका, बदलला की घरोघर मेसेज जाईल. तुमच्याही घरी. छोटी तिथेच असेल ना? तिला दुसऱ्या खोलीत तरी…

नात : मी ऐकतेय, मामा.

कारकून : अरे देवा.

नात : मला घाबरायला चालेल. तुम्ही बदला.

कारकून : बदलला. हा बघ, बदलला. भोंगा देतोय. साहेबांचं काय ते मी निस्तरतो. ठेवतो, काका.

नात : आला मेसेज.

आजोबा : वाच.

नात : 'सप्लाय लाँच नंबर चार. ओव्हरड्यू.' आजोबा, हा जास्त वाईट शब्द आहे ना?

आजोबा : वाचायला वाईट. पण हा लावल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

नात : ह्याच्यापुढे मिसिंग असतो?

आजोबा : असतो. सगळ्यांना विचारून झालं, सगळीकडे बघून झालं, मग.

नात : आणि त्याच्यापुढे?

आजोबा : आहे एक.

नात : तो आज नका शिकवू.

आजोबा : नाही शिकवत.

नात : भोंगा! ऐकलात? थांबा, खिडकीतून दिसतंय. केशरी बोट. दोर सोडला… पुढे दोघं उभे आहेत, एकाच्या गळ्यात दुर्बीण आहे. निघाली!

आजोबा : वेग कसा आहे?

नात : सुसाट. पाणी पार धक्क्यावर उडालं. आजोबा, आईच्या लाँचवर आणखी कोण कोण असतं?

आजोबा : तिच्याखेरीज तिघं. का गं?

नात : मग त्या तिघांच्या घरीही आत्ता हाच मेसेज गेला असेल. त्यांना वाटेल, संपलं सगळं. त्यांच्या घरी शब्द सांगणारं कुणी आहे का?

आजोबा : नसेल.

नात : मग गेटवर जाऊ या. ते तिथेच येतील. त्यांना सांगू, की हा शब्द लागला म्हणजे शोधायला निघालेत.

आजोबा : तू सांगशील? तुला भीती नाही वाटत?

नात : खूप वाटतेय. तुम्ही चपला उलट्या पायांत घातल्यात, आजोबा. थांबा, मी सरळ करते.