वैजयंताबाईंची शंका

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. मोठ्या माणसाच्या बोलण्यावर शंका घ्यावी की घेऊ नये? शंका घेतली म्हणजे त्याचा अपमान होतो का? — बघा, लगेच माना डोलल्या! अहो, अजून मी काही सांगितलंच नाही!

तर दिंडोरीकडं एक द्राक्षांचं पॅकहाऊस, माल पेट्यांत भरून परदेशी धाडायचा कारखाना. तिथं वैजयंताबाई पिंगळे मुकादम, हाताखाली चाळीस बाया. मणी नुसता बोटात धरला की सांगणार, हा कालचा तोडलेला! आणि बाईंना नाद कसला? इंग्रजीचा! मोबाईलवर ऐकायचं आणि भाकरी थापता थापता घोकायचं — 'हाऊ आर यू? आय ॲम फाईन!' सासरे विचारायचे, "सूनबाई, कुणाशी बोलतीस गं?" — "भाकरीशी, मामा!"

एक दिवस विलायतेहून साहेब आला. माल घेणाऱ्या कंपनीचा जाणकार! मालक रावसाहेबांनी आधीच दम भरला, "बाई, साहेब काय म्हणतील त्याला येस! पाहुणा आहे आपला. माल पसंत पडला तर वर्षभर काम, नाहीतर चाळीस जणी घरी बसा!"

साहेब म्हणाला, पेटीत घड ठेवले की लगेच वरून बुरशी न लागायचा तो औषधाचा कागद घाला, गार करायला मग न्या. बाई मनात म्हणाल्या, आपली रीत काय? आधी माल गार करायचा, ओल जाऊ द्यायची, मग कागद. ओलीवर कागद पडला की औषध भसकन सुटतं अन् मणी पांढरे पडतात! बाईंना हे पुरतं ठाऊक. पण तोंडातून काय निघालं?

"येस सर!"

पाहुण्याचा शब्द कसा मोडायचा? दुपारपर्यंत दोनशे पेट्या गेल्या! बाईंना डबा गोड लागेना. शेवटी उठल्या, तरातरा साहेबापुढं गेल्या आणि — "सर, यू आर राँग!"

अरे देवा! साहेबाचे कान लाल! रावसाहेब ओरडले, "बाई, लाईनवर जा, आपलं काम बघा!"

बाई नळापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आता मजा ऐका. त्या विचार करायला लागल्या, की सासऱ्यांनी हौसेनं रस्सा केला आणि तो खारट झाला, तर मी काय म्हणते? 'मामा, खारट झालाय' असं म्हणते का? नाही! मी म्हणते, 'मामा, माझीच जीभ बिघडली असंल, पण तुम्ही जरा चाखून बघता का?' मग साहेबाला तसं का नाही म्हणायचं?

परत गेल्या. पदराला हात पुसले. "सर, मेबी आय ॲम राँग. बट आय हॅव वन डाउट. प्लीज, कॅन वुई ट्राय वन बॉक्स?"

साहेब थांबला. खुर्ची पुढं ओढली. म्हणाला, "टेल मी!"

विचार करा मंडळी! माणूस तोच, शंका तीच. पण दार उघडलं!

काम थांबवलं. एक पेटी बाईंच्या रीतीनं भरली. तिसऱ्या दिवशी उघडली तर मणी हिरवेगार, टवटवीत! आणि साहेबाच्या रीतीनं भरलेल्या? त्यांतले मणी देठापाशी पांढरेफटक! दोनशेच्या दोनशे वाया.

रावसाहेब मान खाली घालून उभे. साहेब रागावला नाही. त्यानं बाईंना एवढंच विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मग त्या दिवशी सकाळी येस का म्हणालात?"

एवढं इंग्रजी घोकलेल्या बाई, पण आता मराठीतच बोलल्या. डोळे भरून आले. "मला वाटलं, तोच मान असतो," म्हणाल्या.

साहेबानं बाकीचा माल बाईंच्या रीतीनं भरून घेतला, चाळीस जणींचं काम राहिलं. पण त्या दोनशे पेट्या कुणी खाल्ल्या? साहेबाच्या चुकीनं म्हणाल तर अर्ध्याच. अर्ध्या खाल्ल्या त्या गोड 'येस'नं!

आता तुम्ही सांगा! डॉक्टरपुढं, पुढाऱ्यापुढं, घरातल्या थोरल्यापुढं किती वेळा मान डोलावलीत, आतून ठाऊक असताना? तो मान नव्हता बाबांनो, भीती होती! 'माझं चुकत असंल, पण...' एवढे तीन-चार शब्द कोणत्याही भाषेत जड नाहीत. उद्या कुणाला म्हणणार आहात? नाव आठवलं ना? आठवलं असेल तर आता मोठ्यानं त्या देवाचंही नाव घ्या, ज्याला आजवर कुणाच्याच प्रश्नाचा राग आला नाही!